डिझेल नावाचा माणूस

दिवसातून आपण किती वेळा हे नाव घेतो याचा हिशेब नाही. डिझेल संपलं, डिझेल वाढलं, डिझेलचे पैसे कोण देणार. वॅटचं नाव एककाला मिळालं, ओटो आणि कार्नो पुस्तकातच राहिले. पण पंपावरच्या पोरापासून उसाच्या ट्रॅक्टरवाल्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी बसलेलं इंजिनिअरचं नाव हे एकच, आणि ते कुणा माणसाचं आडनाव आहे हे बहुतेकांच्या गावीही नसतं. आपण मेकॅनिकलवाले तरी काय वेगळे? डिझेल सायकल म्हटलं की पी-व्ही डायग्राम, त्यातली एक आडवी रेघ, कार्यक्षमतेचं डेरिव्हेशन आणि पेपरातले मार्क. माणूस सिलॅबसमध्ये नाही, म्हणून तो आपल्याला माहीत नाही.

आपल्या नगर जिल्ह्याचा (आता अहिल्यानगर म्हणायचं) या नावाशी जुना घरोबा आहे. उत्तरेला प्रवरा-गोदावरीचे पाट, पण दक्षिणेला पारनेर, पाथर्डी, कर्जत, जामखेडचा कोरडा टापू. तिथल्या कितीतरी विहिरींवर विजेच्या आधी इंजिन आलं. पुढे २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत तर पिठाची गिरणी, झेरॉक्सचं दुकान, मंगल कार्यालय, सगळ्यांच्या मागच्या अंगाला जनरेटर धडधडायला लागला. सगळ्यात अडचण असायची दूध संकलन केंद्राची. धारेचं दूध पस्तीस अंशांच्या आसपास असतं, ते लवकरात लवकर ४ अंशांवर आणलं नाही तर नासतं. लाइट गेली म्हणून म्हैस थांबत नाही. मग बल्क कूलर जनरेटरवर चालवायचा, आणि त्या डिझेलचा खर्च शेवटी फिरून येतो तो दुधाच्या दरावरच.

त्या पत्र्याच्या शेडमध्ये एका बाजूला कूलर असतो आणि दुसऱ्या बाजूला डीजी सेट. गंमत अशी की या दोन यंत्रांची मुळं जर्मनीतल्या एकाच वर्गात सापडतात. कूलरमागचं रेफ्रिजरेशन उद्योगात रुजवणारे कार्ल फॉन लिंडे तिथे शिकवत होते आणि डीजी सेटला नाव देणारा पोरगा समोर बाकावर बसून वहीत लिहून घेत होता. ही गोष्ट त्या पोराची.

रुडॉल्फ डिझेलचा जन्म १८ मार्च १८५८चा, पॅरिसमधला. आईवडील मात्र जर्मन, बव्हेरियाकडचे. वडील थिओडोर पुस्तकबांधणी करायचे, चामड्याच्या वस्तू बनवायचे. घरची परिस्थिती बेताची. तयार माल हातगाडीवर घालून गिऱ्हाइकांकडे पोचवायचं काम लहानग्या रुडॉल्फकडे असे. मोकळा वेळ मिळाला की तो पॅरिसच्या यंत्रांच्या संग्रहालयात जाऊन जुन्या यंत्रांची चित्रं काढत बसे. तो नऊ वर्षांचा असताना, १८६७ साली, त्याच शहरात जागतिक प्रदर्शन भरलं आणि तिथे ओटो आणि लांगेन यांच्या गॅस इंजिनाला सुवर्णपदक मिळालं. दिसायला ते धेडगुजरी आणि आवाजाला भयंकर होतं. पण त्या वेळच्या लेन्वाच्या इंजिनाच्या निम्म्याहून कमी गॅसवर तेवढंच काम करत होतं. म्हणजे ॲव्हरेज किती, हा प्रश्न इंजिनाच्या जन्मापासूनचा आहे, आपल्या मोटरसायकलपासूनचा नाही.

१८७० साली फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटलं आणि पॅरिसमधल्या जर्मनांना शहर सोडावं लागलं. डिझेल कुटुंब लंडनला गेलं. तिथे खायचे वांधे, म्हणून बारा वर्षांच्या रुडॉल्फला एकट्यालाच जर्मनीत आउग्सबुर्गला नातेवाइकांकडे पाठवलं. ते काका, म्हणजे बार्निकेल, तिथल्या व्यवसाय शाळेत गणित शिकवायचे. आपल्याकडे शिक्षणासाठी काकाच्या नाहीतर मामाच्या घरी वाढलेली पोरं काय कमी आहेत? दोन वर्षांत पोरानं आईवडिलांना कळवून टाकलं की मी इंजिनिअर होणार. शाळेत पहिला आला. १८७५ साली स्कॉलरशिप मिळवून तो म्युनिकच्या पॉलिटेक्निकमध्ये दाखल झाला.

इथे प्रोफेसर लिंडे भेटले. लिंडे यांच्या एका तासाला वाफेच्या इंजिनाचा हिशेब निघाला. कोळशातल्या उष्णतेपैकी शेकडा सहा ते दहा भागच कामाला येतो, बाकीचा सगळा वाया. कार्नोनं १८२४ सालीच सांगून ठेवलं होतं की आदर्श इंजिन यापेक्षा कितीतरी जास्त देऊ शकतं. मग प्रत्यक्षातलं आणि आदर्श यांच्यात एवढी दरी का? रुडॉल्फनं वहीच्या कडेला टीप करून ठेवली की समतापी क्रिया प्रत्यक्षात आणता येईल का ते पाहायचं. आपणही वहीच्या कडेला बरंच काही लिहितो, पण ही टीप त्याला आयुष्यभर पुरली.

१८७९ साली शेवटच्या परीक्षेच्या वेळी तो टायफॉइडनं आजारी पडला आणि परीक्षा हुकली. पुढच्या परीक्षेपर्यंत रडत न बसता हा गडी स्वित्झर्लंडमध्ये विंटरथुरला सुल्झर बंधूंच्या कारखान्यात प्रत्यक्ष काम शिकायला गेला. जानेवारी १८८०मध्ये परत येऊन परीक्षा दिली ती उत्तम गुणांनी. गॅप पडली म्हणून नाराज होणाऱ्यांनी हे वाचून ठेवावं.

पहिली नोकरी लिंडे सरांकडेच, पॅरिसच्या बर्फ आणि शीतकरणाच्या कामावर. वर्षभरात तो तिथला प्रमुख झाला. १८८३ साली मार्था फ्लाशशी लग्न झालं, पुढे तीन मुलं झाली. दिवसा बर्फाची यंत्रं विकायची, बसवायची आणि उरलेल्या वेळात स्वतःचं इंजिन. शीतकरणामुळे अमोनियाशी रोजची ओळख, म्हणून त्यानं वाफेऐवजी अमोनियाच्या बाष्पावर चालणारं इंजिन करायला घेतलं. एका चाचणीत ते फुटलं. जिवावरचं दुखणं महिनोन्‌महिने दवाखान्यात निभावलं, पण डोळ्यांचा आणि तब्येतीचा त्रास कायमचा मागे लागला.

१८९०मध्ये तो लिंडे यांच्याच कामासाठी बर्लिनला गेला आणि तिथे विचाराला वळण मिळालं. अमोनिया तरी कशाला हवा? हवाच वापरली तर? सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं खालचं टोक तापतं हे आपण सगळ्यांनी अनुभवलेलं आहे. हवा दाबली की तापते. सोळाव्या हिश्शात दाबली तर पाचशे अंशांच्या वर जाते. त्या तापलेल्या हवेत तेलाचा फवारा सोडला तर काडी नको, ठिणगी नको, तेल आपोआप पेटतं.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण आपल्याकडे डिझेल इंजिन शिकवताना स्पार्क प्लग नसतो हेच त्याचं वैशिष्ट्य म्हणून सांगतात. ते वैशिष्ट्य आहेच, पण डिझेलला हवं होतं ते दुसरंच. हवा जितकी जास्त दाबाल तितका पेटलेल्या वायूला पुढे पसरायला जास्त वाव मिळतो, आणि जितकं जास्त पसरण तितकी जास्त उष्णता कामात बदलते आणि सायलेन्सरमधून कमी वाया जाते. पेट्रोल इंजिनात हवा आणि इंधन एकत्र दाबतात, म्हणून फार दाबलं तर ते वेळेआधी पेटतं, नॉकिंग होतं. डिझेलनं आधी फक्त हवा दाबली आणि इंधन शेवटी आत सोडलं. त्यामुळे हवं तितकं दाबायची मोकळीक मिळाली. आपोआप पेटणं हा त्याला मिळालेला जोडफायदा.

फेब्रुवारी १८९२मध्ये त्यानं पेटंटसाठी अर्ज केला, पुढच्या फेब्रुवारीत पेटंट क्रमांक ६७२०७ मिळालं. १८९३च्या सुरुवातीला त्याचं पुस्तकही आलं. पुस्तकात हवा २५० वातावरणांपर्यंत दाबायची आणि इंधन असं जाळायचं की तापमान वाढूच नये, अशी कल्पना होती. कागदावर कार्यक्षमता निघत होती ७३ टक्के! पण कागदावरच्या इंजिनाला घर्षण नसतं. एवढा दाब निर्माण करायला लागणारं काम, रिंगांचं घासणं, बेअरिंगमधला तोटा हे सगळं धरलं तर त्या इंजिनानं स्वतःलाच जेमतेम फिरवलं असतं, पट्ट्यावर काही उरलं नसतं. हे डिझेलच्या लवकर लक्षात आलं आणि त्यानं गाजावाजा न करता दाब उतरवला, समतापी ज्वलन सोडून स्थिर दाबाचं ज्वलन धरलं. आपल्या पुस्तकातली ती आडवी रेघ इथून आली. विरोधकांनी पुढे त्याला यावरूनच छळलं, की पेटंटात एक आणि इंजिनात दुसरंच. माझ्या मते त्यात फारसा दम नाही. गणित चुकतंय हे कळल्यावर ते बदलणारा इंजिनिअर चांगला की गणित धरून बसणारा?

त्या पुस्तकात आणखी एक इच्छा होती आणि ती आपल्या कामाची आहे. वाफेचं इंजिन लहान करावं तितकं जास्त कोळसा खातं. त्यामुळे शक्ती फक्त मोठ्या कारखानदाराला परवडते, सुतार, विणकर, लोहार, छापखानेवाला देशोधडीला लागतो. डिझेलला असं इंजिन हवं होतं की जे लहान असलं तरी कमी खाईल आणि छोट्या कारागिराच्या खोलीत बसेल. तो स्वतः पुस्तकबांधणी करणाऱ्याचा मुलगा होता, हे विसरू नका.

आउग्सबुर्गच्या यंत्र कारखान्याचे संचालक हाइनरिश फॉन बुट्स यांनी त्याला जागा आणि माणसं दिली, क्रुपनं पैसा घातला. १० ऑगस्ट १८९३ला पहिली चाचणी झाली. इंजिन पट्ट्यानं बाहेरून फिरवलं, आत इंधन सोडलं आणि असा धमाका झाला की दाब मोजणाऱ्या इंडिकेटरचे तुकडे उडाले. जवळची माणसं थोडक्यात वाचली. इंजिन चाललं नाही, पण इंधन आपोआप पेटतं हे सिद्ध झालं. दुसरं यंत्र १७ फेब्रुवारी १८९४ला पहिल्यांदा स्वतःच्या जोरावर फिरलं. सांगतात की ते आधी एका मेकॅनिकच्या ध्यानात आलं. पट्ट्याची ताणलेली बाजू बदलली, म्हणजे आता शाफ्ट इंजिनाला नाही, इंजिनच शाफ्टला ओढतंय. ८८ फेरे, एक मिनिट. बस, इतकंच!

त्यानंतरची तीन वर्षं कंटाळवाणी आणि म्हणूनच महत्त्वाची. भांडण होतं फवाऱ्याचं. इतक्या दाबाखालच्या सिलिंडरमध्ये तेल बारीक धुक्यासारखं शिरलं पाहिजे, थेंब पडले तर अर्धवट जळतात आणि काळा धूर होतो. नाना नोझल झाली. शेवटी त्यानं त्याहूनही जास्त दाबाच्या हवेनं तेल आत फुंकायची पद्धत पक्की केली. इलाज चालला, पण त्यासाठी इंजिनाला एक वेगळा कॉम्प्रेसर जोडावा लागला. तो जागा खाणार, किंमत वाढवणार आणि इंजिनाच्या शक्तीतला वाटाही घेणार. मोठ्या इंजिनाला हे चालून जातं. कारागिराच्या खोलीतल्या इंजिनाला नाही.

१७ फेब्रुवारी १८९७ला, त्या एका मिनिटाला बरोबर तीन वर्षं झाली तेव्हा, म्युनिकचे प्रोफेसर मोरिट्स श्र्योटर यांनी अधिकृत चाचणी घेतली. एक सिलिंडर, बोअर २५ सेंमी, स्ट्रोक ४० सेंमी, मिनिटाला १५४ फेरे. शक्ती १३.१ किलोवॉट, म्हणजे सतराअठरा अश्वशक्ती. दर किलोवॉट-तासाला ३२४ ग्रॅम रॉकेल. कार्यक्षमता २६.२ टक्के. वाफेच्या चांगल्या इंजिनाच्या दुपटीहून जास्त!

आता हा आकडा आपल्या भाषेत करून पाहू. ३२४ ग्रॅम रॉकेल म्हणजे सुमारे ४०० मिलीलीटर. म्हणजे एका लिटरमध्ये शाफ्टवर अडीच युनिट काम. आज पाच केव्हीएचा चांगल्या अवस्थेतला डीजी सेट पूर्ण लोडवर एका लिटरला साधारण तीन युनिट वीज देतो, अल्टरनेटरमधला तोटा जाऊन. लहान डिझेल इंजिनाची शाफ्टवरची कार्यक्षमता तिशीच्या जरा वर असते. सव्वाशे वर्षांनंतर २६वरून ३२-३३! मोठ्या जहाजांची इंजिनं पन्नास टक्क्यांच्या पुढे गेली, मग लहानाचं घोडं कुठे अडलं? लहान सिलिंडरमध्ये आतल्या वायूच्या मानानं भिंतीचा पृष्ठभाग जास्त, त्यामुळे उष्णता भिंतीतून पाण्यात पळते. रिंगा, बेअरिंग, पंप यांचं घर्षण शक्तीच्या मानानं जास्त. डिझेलचा सिलिंडर २५ सेंमी रुंद होता, आपल्या लॅबमधल्या पाच अश्वशक्तीच्या इंजिनाचा बोअर आठनऊ सेंमीचा. जे वाफेच्या लहान इंजिनाचं दुखणं म्हणून डिझेलनं दाखवलं होतं, त्यातून त्याचं स्वतःचं इंजिनही पुरतं सुटलेलं नाही.

१८९७च्या जूनमध्ये कासेलला जर्मन इंजिनिअरांच्या संमेलनात त्याचं भाषण झालं आणि पैशाचा पाऊस सुरू झाला. देशोदेशीचे कारखानदार लायसन्ससाठी रांगेत. अमेरिकेच्या हक्कांसाठी बिअरसम्राट अडॉल्फस बुश यानं दहा लाख मार्क मोजले. पण घाई नडली. प्रयोगशाळेत नीट चालणारं इंजिन गिऱ्हाइकाकडे गेलं की बंद पडायचं. आउग्सबुर्गला स्वतःच्या नावानं काढलेला कारखाना चालला नाही. पेटंटचे दावे, टीका, प्रवास, डोकेदुखी. १८९८ साली त्याची प्रकृती पार ढासळली आणि आरोग्यधामात राहावं लागलं. त्यातून उठून म्युनिकला राजवाड्यासारखं घर बांधलं, तेलाच्या खाणीत आणि जमिनींच्या व्यवहारात पैसा घातला आणि बुडवला. यंत्रातला एकेक टक्का मोजणाऱ्या माणसाला स्वतःच्या खात्यातली गळती दिसली नाही, याचं राहून राहून नवल वाटतं.

१९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात डिझेल इंजिनाला सर्वोच्च पारितोषिक मिळालं. तिथे एक छोटं इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. कल्पना फ्रेंच सरकारची, वसाहतींमध्ये पिकणाऱ्या तेलावर तिथली इंजिनं चालावीत म्हणून. डिझेलनं नंतर स्वतःही वनस्पती तेलांमध्ये रस घेतला. आपल्याकडे २००३च्या सुमाराला मोगली एरंड आणि करंजाच्या बायोडिझेलची जी लाट आली, तेव्हा प्रत्येक सेमिनारच्या पहिल्या स्लाइडवर हेच भुईमुगाचं तेल असायचं. पुढच्या स्लाइडवरची एकरी उत्पन्नाची स्वप्नं मात्र शेतात उतरली नाहीत. पडीक जमिनीवर, पाण्याशिवाय, झाड जगतं पण बी धरत नाही.

१९०३ साली त्यानं चक्क समाजरचनेवर एक पुस्तक लिहिलं. कामगारांनी थोडे थोडे पैसे जमवून आपलेच कारखाने उभारावेत, अशी योजना त्यात मांडली होती. जर्मनीत ते फारसं कुणी विकत घेतलं नाही. सहकारी साखर कारखान्यांच्या आपल्या जिल्ह्यात १९५० साली प्रवरेला जे घडलं ते पाहता त्याचं पुस्तक इथे बरं खपलं असतं. असो.

इंजिन मात्र त्याच्याशिवाय पुढे चाललं होतं. १९०७-०८च्या सुमाराला मूळ पेटंटची मुदत संपली. १९१२ साली सेलँडिया हे मोठं जहाज डिझेल इंजिनांवर समुद्र ओलांडून गेलं. पाणबुड्यांनाही हेच इंजिन पसंत पडलं. सगळी इंजिनं मोठी आणि अजस्र, ती घेणारे नौदलं आणि जहाज कंपन्या. १९०८च्या सुमाराला त्यानं लहान इंजिनासाठी आणि ट्रकसाठी परत धडपड केली, पण कॉम्प्रेसर आड आला आणि ते जमलं नाही.

२९ सप्टेंबर १९१३. बेल्जियममधल्या अँटवर्पहून इंग्लंडमधल्या हार्विचला जाणाऱ्या ड्रेस्डेन नावाच्या बोटीवर डिझेल आणि त्याचे दोन सहकारी होते. इंग्लंडमध्ये नव्या डिझेल कारखान्याचं काम होतं. रात्री एकत्र जेवले, डेकवर फिरले. दहाच्या सुमाराला तो केबिनमध्ये गेला, सकाळी सव्वासहाला उठवायला सांगून. सकाळी केबिन रिकामी, बिछान्यावर कुणी झोपल्याची खूण नाही. डेकच्या कठड्याजवळ टोपी आणि ओव्हरकोट नीट घडी घालून ठेवलेला. डायरीत त्या तारखेसमोर एक फुली. दहाएक दिवसांनी एका डच बोटीला समुद्रात प्रेत दिसलं. खलाशांनी खिशातल्या वस्तू काढून घेतल्या आणि प्रेत परत पाण्यात सोडलं. चष्म्याचं घर, गोळ्यांची डबी, चाकू या वस्तू धाकट्या मुलानं, ऑयगेननं, ओळखल्या. घरी हिशेब काढला तर खाती रिकामी आणि कर्ज डोक्यावर.

आत्महत्या, खून, की युद्धाआधीचं हेरांचं काहीतरी? यावर आजही पुस्तकं निघतात. कर्ज आणि आधीचा आजार पाहता पहिली शक्यता मला जास्त पटते, पण सिद्ध काहीच झालेलं नाही. वय होतं ५५.

त्याला हवं असलेलं लहान इंजिन त्याच्या मागे आलं. बेन्झ कंपनीतल्या प्रॉस्पर लोरांज यानं १९०९ सालीच प्री-चेंबरचं पेटंट घेतलं होतं. तेल हवेनं न फुंकता नुसत्या पंपाच्या दाबानं एका छोट्या कप्प्यात सोडायचं, तिथे थोडं जळून उरलेलं सिलिंडरमध्ये उसळतं. कॉम्प्रेसर गेला. १९२०च्या दशकात ट्रॅक्टर आणि ट्रकमध्ये डिझेल इंजिन बसलं आणि १९२७ साली बॉशनं इंजेक्शन पंपाचं मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केल्यावर कुणालाही लहान डिझेल इंजिन बनवणं शक्य झालं. आपल्याकडे साताऱ्याच्या कूपर कारखान्यानं १९३०च्या दशकात डिझेल इंजिन बनवायला घेतलं आणि १९४६ साली शंतनुराव किर्लोस्करांनी पुण्यात खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू केली. तिथून हे इंजिन विहिरीच्या काठावर आलं. सुताराच्या खोलीसाठी कल्पिलेलं यंत्र कुणब्याच्या मळ्यात पोचलं.

मळ्यात आल्यावर त्याचे हाल कसे झाले तेही सांगायला हवं. विहिरीचं गार पाणी पाइपानं थेट इंजिनाच्या जॅकेटमधून फिरवायचं आणि इंजिन हाताला गार लागतंय म्हणून खूश व्हायचं, ही जुनी सवय. गार इंजिन म्हणजे भिंतीत जास्त उष्णता जाणं, ऑइल घट्ट राहणं, घर्षण वाढणं आणि तेल अर्धवट जळणं. पाणी साधारण साठसत्तर अंशांवर बाहेर पडलं पाहिजे, म्हणजे हात फार वेळ धरवणार नाही इतकं. त्यासाठी खर्च काही नाही, फक्त पाणी कमी सोडायचं किंवा टाकीतलं पाणी फिरतं ठेवायचं. १९७८ साली स्थापन झालेली पेट्रोलियम कन्झर्व्हेशन रिसर्च असोसिएशन शेतीपंपांच्या बाबतीत अशाच गोष्टी कानीकपाळी ओरडून सांगत आली आहे. नोझल टपकत असेल तर डिझेलच्या तीन वर्षांच्या मेहनतीवर पाणी. आणि पारनेर-पाथर्डीच्या धुळीत एअर क्लीनर तुंबला तर ज्या हवेवर सगळा डोलारा उभा आहे तीच कमी पडते.

पण डीजी सेटमध्ये सगळ्यात मोठी गळती वेगळीच असते, आणि ती आपल्याला सेकंड इयरलाच दाखवलेली असते. विलन्स लाइन टेस्ट आठवा. वेग कायम ठेवायचा, लोड वाढवत जायचं, दर लोडला तासाचं इंधन मोजायचं आणि ग्राफ काढायचा. जनरेटरला पन्नास हर्ट्झ हवेत म्हणून इंजिन लोड असो नसो १५०० फेऱ्यांनी पळतच असतं, त्यामुळे ही टेस्ट म्हणजे डीजी सेटची कुंडलीच. समजा पाच केव्हीएचा सेट ४ किलोवॉट लोडवर तासाला १.४ लिटर घेतो आणि १ किलोवॉटवर ०.६५ लिटर. पहिल्यात लिटरला जवळजवळ २.९ युनिट, दुसऱ्यात जेमतेम १.५. डिझेल नव्वद रुपये धरलं तर एका युनिटला ३१-३२ रुपये आणि ५८ रुपये. इंजिन तेच, मेकॅनिक तोच, तेल तेच!

दूध केंद्रावर नेमकं हेच होतं. कूलरच्या कॉम्प्रेसरची मोटर चालू होताना पाचसहा पट करंट ओढते, म्हणून सेट मोठा घेतात. मोटर एकदा फिरली की तोच सेट पाव लोडवर तासन्‌तास पळतो. त्यावर उपाय म्हणजे मोटरला सॉफ्ट स्टार्टर बसवून लहान सेट घेणं, नाहीतर कूलर चालू असतानाच पाण्याची मोटर, कडबाकुट्टी, बॅटरी चार्जिंग अशी बाकीची कामं उरकून सेट बंद करणं. कुणाला बीईच्या प्रोजेक्टसाठी विषय हवा असेल तर जवळच्या संकलन केंद्रावर एक दिवस मोजपट्टीची बाटली आणि एनर्जी मीटर घेऊन बसा. दिवसभराचे दहाबारा आकडे पुरतात.

त्या आकड्यांवरून रेघ काढली आणि शून्य लोडच्याही मागे वाढवली की ती आडव्या अक्षाला जिथे भेटते, तिथे वरच्या उदाहरणात १.६ किलोवॉट येतात. ४ किलोवॉट वीज देणारा सेट इतकी शक्ती स्वतःच्या घासण्यात आणि अल्टरनेटरच्या तोट्यात दर क्षणी घालवतो, बाहेर दिवा लागलेला असो वा नसो. १८९३च्या पुस्तकात ७३ टक्के लिहिताना डिझेलनं सोडून दिलेला आकडा तो हाच.